दुकान की मोबाइल? खरेदीआधी विचारायचे चार प्रश्न

दिवाळी जवळ आली की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. मोबाइलवर सवलतींच्या जाहिरातींचा भडिमार, आणि ‘आता दुकानं काही टिकत नाहीत’ ही चर्चा. त्याच आठवड्यात पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा दादरला गेलात, तर पाय ठेवायला जागा नसते. मग खरं काय समजायचं?

थोडे आकडे पाहू. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनची स्थापना 1994 साली झाली. तीस वर्षांनंतर, 2024 मध्ये, तिथल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा होता साधारण 16 टक्के. 2020 मध्ये टाळेबंदीच्या ऐन काळातही तो जवळजवळ तेवढाच होता. ब्रिटनमध्ये 2021 च्या सुरुवातीला, दुकानांना कुलपं असताना, ऑनलाइनचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. दुकानं उघडली आणि तो साधारण चतुर्थांशावर उतरला. आपल्याकडे फ्लिपकार्ट 2007 मध्ये आणि अ‍ॅमेझॉन 2013 मध्ये सुरू झालं. बहुतेक अंदाजांनुसार भारतात हा वाटा अजून दहा टक्क्यांच्या आत आहे.

याचा अर्थ दुकानदारांनी निर्धास्त राहावं असा नाही. काही दुकानं गेलीच. अमेरिकेतली बॉर्डर्स ही पुस्तकांची साखळी 2011 मध्ये दिवाळखोरीत निघाली, ‘टॉइज आर अस’ची तिथली खेळण्यांची दुकानं 2018 मध्ये बंद झाली. त्यांच्या डोक्यावर कर्जाचा बोजा होताच. पण जो माल कुठेही मिळतो तोच मोठ्या जागेत मांडून ठेवणं, एवढ्यावर गिऱ्हाईक थांबत नाही, हेही त्यातून दिसलं. उलट ऑनलाइन सुरू झालेल्या कंपन्या दुकानांकडे वळल्या. चष्मे विकणाऱ्या लेन्सकार्टची सुरुवात ऑनलाइन विक्रीतून झाली, आज तिची दुकानं अनेक शहरांत दिसतात. पुण्यात 2010 मध्ये सुरू झालेल्या फर्स्टक्रायनंही लहान मुलांच्या वस्तूंची दुकानं थाटली. डी-मार्टनं 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलं आणि पुढचा सगळा विस्तार मुख्यतः दुकानांच्याच जोरावर केला.

तेव्हा कोण जिंकणार याची चिंता शेअर बाजारातल्या मंडळींनी करावी. घर चालवणाऱ्या माणसापुढचा प्रश्न वेगळा आहे: कोणती वस्तू कुठून घ्यायची? तो सोडवण्यासाठी पुढची चार प्रश्नांची चाळणी वापरा.

आधी हे चार प्रश्न

एक, वस्तू हातात घेतल्याशिवाय कळते का? कापडाचा पोत, चपलेचा अंगठा, गादीचा कडकपणा फोटोत दिसत नाही. पुस्तक, पेनड्राइव्ह किंवा ठरलेल्या मॉडेलचा मिक्सर मात्र कुठूनही घेतला तरी तोच.

दोन, बिघडली तर कोण बघेल? हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तोच आपण विसरतो. गीझर स्वस्तात आला. पण बसवायला माणूस कोण पाठवणार, आणि तुमच्या तालुक्यात त्या कंपनीचं सेवा केंद्र आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहायचं असतं.

तीन, हातात पडेपर्यंत एकूण किती रुपये जाणार? छापील किमतीवरची काट पाहून हुरळू नका. सगळे आकार धरून शेवटी जी रक्कम येते, तीच खरी किंमत.

चार, ही वस्तू मला कालही हवी होती का? काल नको होती आणि आज ‘फक्त दोन शिल्लक’ दिसल्यावर हवीशी वाटली, तर एक रात्र जाऊ द्या.

दुकानातच घ्यावं असं काही

भारी साडी फोटोवरून घेऊ नये. पैठणीचंच बघा. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा काठ आणि पदर उलटा केला, तर मागची नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावर विणलेल्या साडीत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. फोटो बहुधा सुलट बाजूचाच असतो. यंत्रमागाची साडी घेण्यात काही वावगं नाही, पण तिच्यासाठी हातमागाचे पैसे मोजू नयेत. दुकानात पदर उलटून बघा, सिल्क मार्क आणि हातमागाचं लेबल मागा, आणि बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला कचरला, तर उत्तर मिळालंच.

सोन्याचे दागिने कुठूनही घेतले तरी 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्किंगच्या कक्षेतल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा आहे. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप उघडून काउंटरवरच तो क्रमांक टाका. दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा आणि कोणत्या केंद्रात तपासला ते समोर येतं. बिलावर वजन, सोन्याचा त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे विचारा. मोडीच्या वेळी घट किती धरणार, हेही आजच विचारून ठेवा. पिढ्यान्पिढ्यांचा सराफ लोक टिकवून ठेवतात तो याच प्रश्नासाठी.

चपला-बूट, चष्म्याची फ्रेम, गादी, वयस्कर माणसांसाठीची काठी किंवा खुर्ची या वस्तू ज्याला वापरायच्या आहेत त्याला सोबत नेऊनच घ्याव्यात. मासे, भाज्या आणि फळं यांचं तर सांगायलाच नको. कोळणीकडे उभं राहून सुरमईचे कल्ले लाल आहेत की नाही ते पाहण्याची सोय अजून कुठल्या अ‍ॅपनं दिलेली नाही.

मोबाइलवरून निर्धास्त मागवावं असं काही

इथे ऑनलाइनचं श्रेय मोकळेपणानं द्यायला हवं. गडचिरोलीतल्या किंवा देवगडच्या वाचकाला पूर्वी एखाद्या संदर्भग्रंथासाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्याच्या हाती निरोप धाडावा लागे. आता तो ग्रंथ पोस्टानं घरी येतो. कुकरची शिट्टी, जुन्या मिक्सरचं भांडं, प्रिंटरची शाई असे सुटे भाग शोधायला चार दुकानं पालथी घालण्यापेक्षा मॉडेल क्रमांक टाकून शोधणं सोपं. मोठ्या मापाचे कपडे, डावखुऱ्यांची कात्री, ग्लूटेनमुक्त पीठ असा कमी खपाचा माल लहान गावातला दुकानदार ठेवू शकत नाही, तो मागवावाच.

टीव्ही, फ्रिज, मोबाइल मधल्या पट्ट्यात येतात. त्यांचे भाव ताडून बघा, पण मॉडेलचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच नावाच्या दोन टीव्हींमध्ये ध्वनीची क्षमता किंवा जोडण्यांची संख्या वेगळी असू शकते. ऑनलाइन घेताना ‘विक्रेता कोण’ ही ओळ वाचा. भारतात परदेशी गुंतवणूक असलेल्या बाजारपेठ-कंपन्यांना स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. नाव मोठ्या कंपनीचं असलं तरी विकणारा दुसराच असतो. तो अधिकृत विक्रेता आहे का, आणि वॉरंटी उत्पादक कंपनीची आहे की त्या विक्रेत्याची, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोबाइलवरचा भाव दुकानदाराला दाखवून ‘तुम्ही किती करता?’ असं विचारायला लाजू नका. बरेच दुकानदार थोडं खाली येतात, किंवा बसवून देणं, जुना टीव्ही उचलून नेणं असं काही पदरात घालतात. हजार-पाचशेच्या फरकात ही सेवा महाग नसते.

किराणा: दहा मिनिटांची किंमत

ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट या काही मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या अ‍ॅप्सनी मोठ्या शहरांत कोपऱ्यावरच्या वाण्यालाच गाठलं आहे. अचानक पाहुणे आले आणि दूध संपलं, तर ही सोय फार मोलाची. पण महिन्याचा किराणा असाच तुकड्या-तुकड्यानं मागवायची सवय लागली, की खर्च हाताबाहेर जातो. कारण साधं आहे: यादी राहत नाही. आठवलं की मागवलं, आणि पोचवण्याचा आकार वाचावा म्हणून त्यात दोन नको असलेल्या वस्तू घातल्या.

यावर उपाय जुनाच आहे. महिन्याची यादी कागदावर करा. तांदूळ, डाळी, तेल, साखर, साबण एकदम भरा. मग ते मोठ्या दुकानातून घ्या, नेहमीच्या वाण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवा, नाहीतर अ‍ॅपवरून मागवा. तीनही ठिकाणी पाच-सहा नेहमीच्या वस्तूंचे दर एकदा लिहून ताडा. दर रुपये प्रति किलोमध्ये काढा. 800 ग्रॅमचं पाकीट किलोसारखंच दिसतं, आणि फसगत नेमकी तिथे होते.

वाण्याकडे काही गोष्टी अशा मिळतात की त्यांचा दर कुठे छापलेला नसतो. पन्नास ग्रॅम जिरं सुटं मिळतं. गहू परत करून बदलून घेता येतो. महिनाअखेरीला वहीत मांडून चालतं. पगार पुढे गेला, घरात आजारपण आलं, की या खात्याची किंमत कळते. अ‍ॅपवरही ‘नंतर पैसे द्या’ अशी सोय असते, पण ते रीतसर कर्ज असतं. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि पतनोंद बिघडते.

घरपोच आलेल्या खाद्यपदार्थांवरची तारीख दारातच बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2024 मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं आहे, की ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाचं किमान 30 टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला 45 दिवस शिल्लक असावेत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं 2025 मध्ये मुंबई-पुण्यातल्या झटपट पुरवठ्याच्या काही गोदामांवर परवान्यासंबंधी कारवाईही केली. दुकानाची स्वच्छता आत शिरताच दिसते. गोदामाची दिसत नाही, म्हणून पाकीट नीट पाहायचं.

स्वस्ताईचा हिशोब

ऑनलाइन खरेदीत शेवटच्या पानावर थांबून बिल ओळीनं वाचा. हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, छोट्या खरेदीचं शुल्क, पावसाचा अधिभार यांतलं काय लागलं आहे? न मागितलेला विमा किंवा दोन रुपयांची देणगी आपोआप निवडली गेली आहे का? असे प्रकार केंद्र सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नोंदवले आहेत. अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच त्यात आहे: खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, सदस्यत्व घेणं सोपं पण सोडणं अवघड करणं, किमतीतले आकार शेवटी उघड करणं वगैरे. त्यांना मनाई आहे, म्हणून त्यांची तक्रारही करता येते.

‘नो-कॉस्ट ईएमआय’ म्हणजे फुकटचं कर्ज, ही समजूत काढून टाका. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि असल्यास प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत हुकते ती वेगळीच. दोन्ही रकमा कागदावर मांडा, मग ठरवा.

अभिप्राय वाचताना पाच तारेवाले सोडून तीन आणि दोन तारेवाले वाचा. ‘सहा महिन्यांनी’ असं लिहिलेला एक अभिप्राय, पार्सल उघडताच लिहिलेल्या पन्नासांपेक्षा कामाचा.

पार्सल दारात आल्यावर

महाग वस्तूसाठी ‘ओपन बॉक्स’ वितरणाचा पर्याय असेल तर तोच निवडा. खोकं त्या माणसासमोर उघडा आणि वस्तू बघूनच ओटीपी सांगा. तशी सोय नसेल, तर पत्त्याच्या लेबलपासून वस्तू बाहेर येईपर्यंत सलग, न तोडता व्हिडिओ घ्या. खोक्यात भलतंच निघालं तर तोच पुरावा. परतीची मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतलं थर्माकोल फेकू नका.

न मागवलेलं पार्सल ‘रोख देऊन घ्या’ म्हणून आलं, तर घरातल्या ज्येष्ठांनी ते घेऊ नये, असं आधीच सांगून ठेवा. परताव्यासाठी कंपनीचा फोन नंबर गूगलवर शोधू नका, तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. अ‍ॅपमधूनच संपर्क साधा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. तरीही फसवणूक झालीच, तर बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला त्याच क्षणी कळवा.

दुकानातही तुमचे हक्क आहेत

ऑनलाइन वस्तू परत करता येते, दुकानात येत नाही, हे आपण गृहीत धरलं आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीचा तो परिणाम. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सांगतो, की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्याच सदरात मोडतं. मात्र रंग आवडला नाही, मन बदललं, ही कारणं यात येत नाहीत. तिथे दुकानदाराच्या मर्जीचा भाग आहे. छापील किमतीवर ‘कूलिंग’च्या नावानं जास्त पैसे घेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आणि बिल मागाच. ‘बिलाशिवाय घेतलं तर एवढं कमी करतो’ हा सौदा वाईट असतो. त्या सवलतीत तुम्ही वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क, दोन्ही विकून बसता.

ऑनलाइन कंपन्यांसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर हवा. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल, तर ‘नो रिटर्न’ लिहिलेलं असलं तरी विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही.

दाद मागायची पायरी अशी: आधी कंपनीकडे किंवा दुकानदाराकडे लेखी तक्रार. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तरीही उपयोग झाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो.

एक तिसरी वाटही आहे

घरपोच माल ही कल्पना मोबाइलनं आणलेली नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका घरी उतरवून घ्यायचा आणि आपापसांत वाटून न्यायचा, ही तिची पद्धत. मधले दलाल टळतात आणि मालाचा दर्जा एकत्र तपासता येतो. आज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर थेट शेतकऱ्याकडून हापूस किंवा इंद्रायणी तांदूळ मागवणारे लोक हेच करत आहेत. तुमच्या इमारतीत दहा घरं तयार असतील, तर वर्षाचे गहू, तांदूळ, हळद, गूळ यांपासून सुरुवात करून बघा. पहिल्या वेळी थोडाच माल मागवा, नमुना आधी शिजवून पाहा आणि पैशांचा हिशोब एकाच्याच हाती ठेवा.

शेवटी जबाबदारी आपलीही

दुकानं सरसकट बंद पडणार नाहीत. फक्त माल ठेवून बसणारी, बिल न देणारी, गिऱ्हाइकावर डाफरणारी जातील, आणि ती गेल्याचं फारसं वाईटही वाटणार नाही. मालाची जाण असलेली, दुरुस्ती करून देणारी, चुकलं तर बदलून देणारी टिकतील. पण ती आपोआप टिकणार नाहीत. दुकानात तासभर साड्या उलगडायला लावायच्या, दहा बूट घालून पाहायचे, आणि मग बाहेर येऊन तोच नंबर मोबाइलवर मागवायचा, असं प्रत्येकानं केलं तर वस्तू हातात घेऊन पाहण्याची जागाच उरणार नाही. ज्याच्याकडून सल्ला घेतला, मापं घेतली, त्याला भाव कमी करण्याची संधी द्या, आणि फरक किरकोळ असेल तर खरेदी त्याच्याकडेच करा. बाकीचं खुशाल मोबाइलवरून मागवा. दोन्हीकडे बिल मात्र घ्या, आणि ते जपून ठेवा.